मुखोद्गत वचन कोणाच्या नावाचे?

खेड्यापाड्यांतील आमच्या मंडळ्यांत पवित्र शास्त्रातील वचने मुखोद्गत करण्याची चाल फार जुनी आहे. ही चाल नसती तर पुष्कळशा मंडळ्या उभ्याच राहिल्या नसत्या, असे म्हटले तरी त्यात अतिशयोक्ती होणार नाही. विल्यम केरी यांनी श्रीरामपुराहून मराठी नवा करार १८११ साली छापून काढला. परंतु पुस्तक छापले म्हणजे वाचणारा मिळतोच असे नाही. त्यानंतर १४० वर्षांनी, १९५१ च्या जनगणनेत, साऱ्या भारतात लिहितावाचता येणारी माणसे शंभरात सुमारे १८ भरली, आणि स्त्रिया तर शंभरात ९ देखील भरल्या नाहीत. अशा देशात आमच्या आजीबाईंचे बायबल कोठे होते? ते त्यांच्या मुखात होते. बायबलबाईने सांगितलेले वचन त्या जात्यावर दळता दळता घोळवीत, शेतात खुरपताना एकमेकींस म्हणून दाखवीत. ज्यांना स्वतःचे नाव लिहिता येत नसे, त्यांना तेविसावे स्तोत्र अथपासून इतिपर्यंत येत असे. या वारशाचा आम्हांस अभिमान वाटतो, आणि तो वाटणे योग्यच आहे.

तथापि अभिमानाच्या पोटी एक प्रश्न दडून राहतो, आणि तो प्रत्येक उपदेशकाने व प्रत्येक विश्वासणाऱ्याने स्वतःस विचारून पाहण्याजोगा आहे. ज्याला वचन पाठ आहे, त्याला ते वचन ठाऊक आहे असे म्हणता येईल काय? आणि ठाऊक असेल, तर ते त्याने कोणासाठी ठाऊक करून घेतले आहे?

पहिल्या प्रश्नाविषयी पंडिता रमाबाईंचे चरित्र आम्हांस पुष्कळ शिकविते. या बाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांच्या मातोश्रींनी त्यांना संस्कृत शिकविले, आणि पुढे भागवताचे १८,००० श्लोक त्यांना मुखोद्गत होते असे सांगतात. आईबाप व मुले असे ते सारे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणे वाचीत असे. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत बाईंनी लिहिले आहे की, ऐकणाऱ्यांस अर्थ उलगडून सांगावा असे कोणास वाटतच नसे. शब्द कानी पडले म्हणजे पुण्य पदरी पडले, अशी उभयपक्षी समजूत होती. हे वाचून आमच्यापैकी कोणी हसू नये. वार्षिक सभेत शंभर वचने एका दमात म्हणून दाखविणाऱ्या मुलास रंगीत चित्राचे कार्ड देताना, 'बाळ, यातील एकाचा तरी अर्थ सांग' असे आम्ही कितीदा विचारतो? जी घोकंपट्टी दुसऱ्याच्या अंगणात दिसली म्हणजे आम्ही तिला पोपटपंची म्हणतो, तिलाच आपल्या अंगणात भक्ती म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही.

रमाबाईंनी स्वतः या गोष्टीवर काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. ज्यांच्या स्मरणात हजारो श्लोक होते, त्यांनी आयुष्याची शेवटली वर्षे केडगावच्या मुक्ती-सदनात हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून संपूर्ण बायबल साध्या मराठीत उतरविण्यात घालविली. साध्या बायाबापड्यांस कळेल असे शास्त्र त्यांना हवे होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या, आणि ते संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. नुसता नाद पुरेसा नाही, अर्थ पाहिजे, याची याहून मोठी साक्ष आमच्या महाराष्ट्रात दुसरी मिळावयाची नाही.

परंतु अर्थ समजला म्हणजे काम झाले काय? येथे आमची गाडी बहुधा थांबते, आणि येथेच खरी अडचण सुरू होते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढावा. पूर्वेकडील ज्ञानी लोक यरुशलेमेस येऊन, नवा राजा कोठे जन्मला असे विचारतात. हेरोद घाबरून मुख्य याजकांस व शास्त्र्यांस बोलावितो. त्यांस क्षणाचाही विचार करावा लागत नाही. मीखा संदेष्ट्याचे वचन त्यांच्या जिभेवरच आहे. ते गावाचे नाव बेथलेहेम असे बिनचूक सांगतात. अर्थही त्यांस चांगला समजला आहे, कारण ते वचन ख्रिस्ताविषयी आहे हे त्यांनीच राजास सांगितले. यरुशलेमेपासून बेथलेहेम सुमारे ५-६ मैल, म्हणजे आपल्याकडे बाजाराला जाण्याइतकी वाट. ज्यांस वचन ठाऊक नव्हते ते परके लोक दूरदेशाहून आले व उठून बेथलेहेमास गेले. ज्यांस वचन तोंडपाठ होते त्यांपैकी एकही तेथवर गेल्याचे मत्तय लिहीत नाही. त्यांस विचारणारा हेरोद होता, म्हणून त्यांनी उत्तर हेरोदास दिले. ते उत्तर आपल्यासाठीही आहे, हे त्यांच्या मनास शिवले देखील नाही.

वचनाचे असेच आहे. ते पत्रासारखे असते, आणि पत्रावर नाव असते. पोस्टमन रोज शंभर पत्रे पिशवीत वागवितो, पण त्यांतील मजकूर त्याच्यासाठी नसतो. आम्हां उपदेशकांचे पुष्कळदा पोस्टमनासारखे होते. पिशवी जड, चाल भरभर, आणि स्वतःच्या घरी एकही पत्र नाही. सामान्य विश्वासणाऱ्याची चूक याहून निराळी आहे. तो पत्र फोडतो, पण दुसऱ्याच्या नावाचे. इफिसकरांच्या पत्राचा पाचवा अध्याय पाहा. बाविसाव्या वचनात पौल पत्नींशी बोलतो, पंचविसाव्यात पतींशी. आता आमच्या कोणत्याही गावात जाऊन चौकशी करावी. पतीस बाविसावे वचन खडानखडा पाठ आढळेल, आणि पत्नीस पंचविसावे! सहाव्या अध्यायातील पहिले वचन बापास येते, चौथे मुलास येते. ज्याचे त्यास येत नाही. भांडणाच्या वेळी दोघेही शास्त्राधारे भांडतात, म्हणून ते भांडण लवकर मिटत नाही.

वचन पाठ असणे हे स्वतःच धार्मिकतेचे चिन्ह आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की सैतानास वचने पाठ होती. अरण्यात परीक्षेच्या वेळी त्याने प्रभूस एक्याण्णवाव्या स्तोत्रातील वचन म्हणून दाखविले. मात्र म्हणताना त्याने थोडी काटछाट केली. देव आपल्या दूतांस माणसाच्या सर्व मार्गांत त्याचे रक्षण करण्यास सांगतो, असे मूळ स्तोत्रात आहे. ते मार्गांविषयीचे शब्द सैतानाने गाळले. कारण मंदिराच्या शिखरावरून उडी टाकणे हा कोणाचाच मार्ग नव्हता. अर्धे वचन हे त्याचे हत्यार होते, आणि ते त्याने दुसऱ्यावर चालविले.

प्रभूने दिलेली तिन्ही उत्तरे अनुवादाच्या पुस्तकातील, सहाव्या व आठव्या अध्यायांतील, आहेत. याच सहाव्या अध्यायात आईबापांस आज्ञा आहे की ही वचने मुलांच्या मनावर ठसवावी, घरी बसता, वाटेने चालता, निजता व उठता त्यांविषयी बोलावे. नासरेथच्या त्या साध्या घरात असेच काही झाले असावे असे मला वाटते. ते काही असो. अरण्यात पुस्तक नव्हते, गुंडाळी नव्हती, जे अंतःकरणात होते तेवढेच उपयोगी पडले.

पहिले उत्तर भाकरीसंबंधी आहे. चाळीस दिवसांच्या उपासानंतर प्रभूस भूक लागली होती, आणि मनुष्याचे जगणे केवळ भाकरीवर अवलंबून नाही, या अर्थाचे वचन त्याने त्या वेळी स्वतःच्या भुकेस लावले. आता याच शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय काढून याच्या शेजारी ठेवावा. तेथेही ओसाड जागा आहे, तेथेही भूक आहे, पण भुकेले दुसरे आहेत. बायका व मुले सोडून पाच हजार पुरुष. संध्याकाळ झाली. शिष्य म्हणतात, यांस निरोप द्यावा. भाकरीविषयीचे ते वचन म्हणण्यास याहून चांगला प्रसंग कोणता? लोक उपदेश ऐकावयास आले होते, आणि वचन तर प्रभूच्या तोंडी होतेच. परंतु त्याने ते त्यांस ऐकविले नाही. त्याने पाच भाकरी व दोन मासे मागून घेतले, आणि लोकांस बसविले. जीवनाच्या भाकरीविषयी त्याने त्यांच्याशी संभाषण केले खरे, पण ते दुसऱ्या दिवशी, लोक जेवून तृप्त झाल्यावर. योहानाच्या सहाव्या अध्यायात हा क्रम स्पष्ट आहे.

स्वतःच्या भुकेस वचन, आणि दुसऱ्याच्या भुकेस भाकरी. वाचकहो, आमचा व्यवहार नेमका याच्या उलट नाही काय? १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातील माणसे खडी फोडीत होती, आणि तांबड्या मिलोच्या भाकरीवर दिवस काढीत होती. त्या वेळी आकाशातील पाखरांविषयीचे प्रभूचे वचन सांगणारे पुष्कळ भेटत. ते वचन खरे आहे. त्यातील एक अक्षरही खोटे नाही. पण ज्याच्या घरी ज्वारीचे पोते आहे त्याने ते ज्याच्या घरी नाही त्यास म्हणून दाखविले, की खरे वचनही तोंडात कडू होते. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अशाच माणसाचा समाचार घेतला आहे. पाखरांचे वचन पोतेवाल्याच्या नावाचे आहे. उद्याची चिंता न करता त्याने पोत्याचे तोंड सोडावे, म्हणून ते आहे.

हे मी दुसऱ्यांस सांगतो आहे, म्हणून येथे माझी स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे; नाहीतर मी लिहिलेले माझ्यावरच उलटेल. मी तरुणपणी एका खेड्यात उपदेशकाचे काम करीत असता घरची थोडी शेतीही पाहत असे. एका शनिवारी तीन बाया भुईमुगाची खुरपणी करून मजुरीसाठी दारी आल्या. ओसरीवर मुलांचा वर्ग बसला होता आणि मी त्यांची वचने ऐकत होतो. त्या आठवड्याचे सुवर्णवचन शेजाऱ्यावरील प्रीतीचे, लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातील अठरावे होते. मी बायांस हाताने थांबण्याची खूण केली. त्या थांबल्या. वर्ग लांबला. मग मला आठवले की मोड नाही. मोडीसाठी वाण्याकडे जावे लागेल. आणि दुसरा दिवस रविवार. मी त्यांस म्हणालो, "बायांनो, उद्या प्रभूचा दिवस, पैशाअडक्याचा व्यवहार नको. सोमवारी सकाळी या." म्हणजे मजुरी अडविण्यासही मी एक आज्ञाच पुढे केली! त्या तिघींपैकी एकीची मुलगी वर्गात होती. तिने अठरावे वचन न अडखळता म्हटले, आणि मी तिला मेंढपाळाचे चित्र असलेले कार्ड दिले. मायलेकी ते कार्ड घेऊन घरी गेल्या.

रात्री कंदील लावून मी उद्याच्या उपदेशाची तयारी करावयास बसलो. विषय अठराव्या वचनाचाच. संदर्भ पाहावा म्हणून वरून वाचीत आलो, आणि तेराव्या वचनाशी आलो. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, आपल्याजवळ राहू देऊ नये, अशी तेथे आज्ञा आहे. प्रीतीच्या वचनाच्या पाच वचने आधी! मी तो अध्याय कितीदा वाचला होता, हे सांगण्याची मला लाज वाटते.

वाण्यास उठवून मोड घेतली व तिन्ही घरी गेलो. त्या मुलीच्या घरी पोहोचलो तेव्हा जेवणे आटोपली होती. शेजारणीकडून शेरभर बाजरीचे पीठ उसने आणून तिच्या आईने भाकरी केल्या होत्या. बाईने पैसे घेतले, कंदिलाच्या उजेडात मोजले, आणि म्हणाली, "मास्तर, सोमवारी दिले असते तरी चाललं असतं." चालले नसते, हे तिलाही ठाऊक होते व मलाही. भिंतीवर ते मेंढपाळाचे चित्र भाताच्या शिताने चिकटविलेले होते.

त्या दिवसापासून मी एकोणिसावा अध्याय निराळ्या रीतीने वाचू लागलो. लूकच्या दहाव्या अध्यायात जो शास्त्री प्रभूपुढे उभा राहतो, त्यास हेच अठरावे वचन पाठ आहे. प्रभू त्यास म्हणतो की तुझे उत्तर ठीक आहे, आता तसे कर. येथे संभाषण संपावयाचे. परंतु शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? मला वाटते, त्याने तोच अध्याय वरून वाचीत आणला असता, तर त्यास हा प्रश्न पडलाच नसता. शेजारी कोण, हे तेथे गावच्या भाषेत सांगितले आहे. कापणीच्या वेळी शेताच्या कडा साफ न कापता सरवा कोणासाठी ठेवावयाचा, तो गरीब व उपरी. दिवसभर राबून संध्याकाळी दारी उभा राहतो, तो मजूर. ज्यास ऐकू येत नाही म्हणून आपण बेधडक शिवी देतो, तो बहिरा. ज्याच्या वाटेत अडथळा टाकला तरी तो कोणी टाकला हे ज्यास दिसत नाही, तो आंधळा. आपण ज्याची चहाडी करीत घरोघर फिरतो, तो. आणि अध्याय संपता संपता मापे व वजने येतात, म्हणजे आपल्याकडून धान्य घेणारे गिऱ्हाईकही आलेच. प्रीतीचे वचन अशा शेतात उगवलेले आहे. आम्ही ते मुळासकट न उपटता वरचे कणीस तेवढे खुडून आणतो, आणि मुलांकडून पाठ करवून घेतो. अठरावे वचन पाठ असणारे हजारो आहेत. तेरावे पाठ असणारा मला अद्याप फारसा भेटला नाही. त्याचे कारण उघड आहे. अठराव्याने आपले कोणाचे देणे लागते हे चटकन कळत नाही; तेराव्याने आकडा सुद्धा कळतो.

येथे कोणी विचारील की, असे आहे तर अजाण मुलांस वचने पाठ करविण्यात काय अर्थ? समजेल तेव्हा शिकतील. हे मत मला मान्य नाही. बी पेरणीच्या दिवशी पिकत नाही. ते आधी राखून ठेवावे लागते. आमचे वडील लोक ज्वारी पेवात भरून ठेवीत, ती त्याच दिवशी खाण्यासाठी नव्हे. बाळपणी स्मरणात पडलेले वचन तीस वर्षे निजून राहील आणि एखाद्या रात्री रुग्णाच्या उशाशी किंवा कोर्टाच्या पायरीवर जागे होईल. माझ्याच बाबतीत तेरावे वचन जर लहानपणी पाठ असते, तर ते मला ओसरीवरच भेटले असते. रात्री कंदील घेऊन फिरण्याची पाळी आली नसती. पाठांतर कमी करावे असे माझे म्हणणे नाही. पाठांतरासाठी आम्ही जी वचने निवडतो ती फार गोड आहेत, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप असा की, प्रत्येकाने वचन स्वतःसच लावावयाचे, तर चुकणाऱ्यास बोध कोणी करावा? बोध करावाच लागतो. परंतु नाथान दाविदाकडे गेला तेव्हा त्याने आज्ञा म्हणून दाखविल्या नाहीत. गरिबाच्या एका कोकरीची गोष्ट सांगितली, आणि निवाडा दाविदाच्याच तोंडून करविला. पत्र ज्याचे त्यानेच फोडले.

उपदेशक बंधूंस या कामी दोन शब्द सुचवितो. वचने पुस्तकाच्या क्रमाने न देता शेताच्या क्रमाने द्यावी. नांगरटीच्या दिवसांत अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायातील शेजाऱ्याची सीमा न सरकविण्याचे वचन द्यावे. कारण औत बांधाशी वळते तेव्हाच बांध कोरला जातो, दरसाल एक तास, आणि दहा वर्षांनी दोन भावांची घरे कोर्टात जातात. खुरपणीला मजुरीचे वचन, कापणीला सरव्याचे, खळ्यावर मापाचे. ज्या घरी जावाजावांचे बोलणे बंद आहे, तेथे सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडण्याविषयीचे इफिसकरांतील वचन दोघींस वेगवेगळे शिकवावे, आणि एकीस शिकविले हे दुसरीस सांगू नये.

मात्र पुढल्या आठवड्यात वर्गात, 'कोणी हे वचन पाळले?' असे विचारण्याचा मोह टाळावा. मी तसे विचारून पाहिले आहे. पहिल्या आठवड्यात मुले गप्प बसली; दुसऱ्या आठवड्यात एकाने हात वर केला; तिसऱ्या आठवड्यात साऱ्यांनी वर केले, आणि काहींनी तर न घडलेल्या गोष्टी सांगितल्या. आपल्या हाताने आपण लहान परूशी तयार करीत आहोत, हे ध्यानात येताच मी ती चाल बंद केली. यरुशलेमेतील थोर लोक शास्त्रवचनांच्या पेट्या दंडावर बांधीत, आणि प्रभूने त्या रुंद केलेल्या पेट्यांविषयी काय म्हटले ते मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. दंडावर वचन आणि मुठीत दुसऱ्याची मजुरी, हे एकाच हाताला साधते.

आमच्या ओसरीवर आता शनिवारी मजुरी वाटून झाल्यावाचून वचनांचा वर्ग सुरू होत नाही. मोड शुक्रवारीच आणून ठेवावी लागते. कधी कामावरून माणसे उशिरा येतात, दिवेलागण होऊन जाते, आणि वचने म्हणावयाची वेळ येते तोवर लहान मुले पेंगू लागतात.